हमामची आतली खोली

"म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नात मीच नसायचं. असंच ना?"

"कायमचं कोण म्हणतंय? लग्न उरकेपर्यंत. सय्यदच्या दर्ग्यावर जाऊन राहायचं, अंगात जे काय शिरलंय ते उतरवून यायचं. लोकांना सांगू, बहीण आजारी पडली, तिकडे गेली."

"मला बहीण नाही, लल्ला."

"त्यांना काय ठाऊक!"

"सगळ्या सेफ्रू गावाला ठाऊक आहे. माझ्या आईचं बाळंतपण जिनं केलं ती बाई अजून कोपऱ्यावर अंडी विकत बसते."

सासूने हात झटकला. अंडी विकणारीचं तोंड कसं बंद करायचं ते आपण बघू, असा त्या झटक्याचा अर्थ होता. तिचं खरं नाव तामो, पण घरातले सगळेच तिला लल्ला म्हणत. मुलगा तेवढा आई म्हणे. आवाज न चढवता माणसाला कोपऱ्यात कोंडायची तिची हातोटी होती. आज मात्र आवाजही चढला होता.

यामना अंगणातल्या गादीवर बसली होती. मांडीवर तीन उशा, उशांवर सुई, रेशमी धागा आणि अर्धं झालेलं बटण. मुलीच्या लग्नाच्या कफ्तानाची बटणं होती ती, गळ्यापासून पायापर्यंत ओळीने लागणारी, केशरी रंगाची. विकतची लावायची नाहीत असं तिनेच ठरवलं होतं. सुकैना, लेक, भिंतीला टेकून हिरव्या शेंगा सोलत होती आणि दर शेंगेला मान वर करून आईकडे बघत होती. नवरा बुशता चहाचा ग्लास घेऊन दाराशी बसला होता. ग्लास कधीच रिकामा झाला होता, तरी तो मधूनमधून तोंडाला लावत होता.

"बोल की रे तू काहीतरी," लल्ला मुलाला म्हणाली. "तुझी बायको आहे."

"काय बोलू, आई?"

"झालं. हा असा."

सगळं गेल्या गुरुवारचं होतं. गुरुवारी गल्लीतल्या बायका हमामला जात. बादल्या, काळा साबण, घासायचा खरखरीत हातमोजा, केसांना लावायची माती, संत्री, असा सगळा जामानिमा. हमामला खोल्या तीन. बाहेरची थंड, कपडे बदलायची, मधली कोमट, आणि आतली, जिथे भिंतींतून पाणी निथळतं आणि समोरची बाई सावलीसारखी दिसते. यामना आत गेली आणि नेहमीसारखा आधी डावा पाय जड झाला. मग दुसरा. मग डोळ्यांपुढे धुकं आलं. वाफच असेल, असं तिने स्वतःला समजावलं. भरलेली बादली उचलायला वाकली आणि बादलीवरच कोसळली. मोरीपाशी. नेमकी मोरीपाशी.

जिन राहतात ते मोरीत. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. घालिया, म्हणजे हमाममधली अंग घासून देणारी दणकट बाई, "बिस्मिल्ला! बिस्मिल्ला!" ओरडत आली, मोरीत मूठभर मीठ फेकलं आणि यामनाच्या अंगावर आणखी दोन बादल्या कढत पाणी ओतलं. ऊब मिळाली की बाहेर पडतं, म्हणून. यामनाला बोलायचं होतं, पण जीभही लुळी झाली होती. शेवटी चौघींनी तिला ओढत बाहेरच्या खोलीत आणून गार फरशीवर निजवलं.

आणि तिथे तिने गुन्हा केला. ती बरी झाली. बाजूच्या बाईची दोन संत्री खाऊन होईस्तोवर हिचे पाय परत आले, डोळे निवळले, जीभ वळायला लागली. ती उठून बसली, गाठोडं बांधलं आणि आपल्या पायांनी घरी चालत आली. अर्धी गल्ली बघत होती. त्यात सुकैनाच्या होणाऱ्या नवऱ्याची मावशी होती.

शनिवारी तिकडून निरोप आला. फार गोड निरोप होता. 'सून आम्हाला पसंतच आहे. पण तिच्या आईला नक्की काय होतं, ते कळलं तर बरं.'

"खरा आजार असा जातो का?" लल्ला आता म्हणत होती. "माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, तो मरेपर्यंत गेला नाही. शेजारच्या हब्बूचा गुडघा गेला तो गेला. आणि तुझे पाय जातात काय, येतात काय! आत गेलं की धरतं, बाहेर आलं की सोडतं. मोरीतलं नाही तर कुठलं ते?"

"मला नाही माहीत कुठलं ते!"

"मला माहीत आहे ना. म्हणून सांगते. पुढच्या गुरुवारी नवरीचा हमाम आहे. तिकडच्या सगळ्या बायका असणार. नवरीचा हात धरून आईनं तिला आत न्यायचं असतं. तू नेणार? नेशील आणि विहिणीच्या पायावर आडवी होशील. मग पोरगी बसेल घरात. म्हणतील, आईकडून लेकीत उतरतं."

"लल्ला, बास ना," सुकैना म्हणाली.

"तू शेंगा सोल."

यामनाने सुई बटणात खुपसून ठेवली.

ही सुई तिच्या हातात आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. गावच्या यहुदी वस्तीतल्या एका बाईकडून तिची आई बटणं करायला शिकली होती आणि आईकडून ती. कागदाची बारीक सुरळी करायची, तिच्यावर रेशीम गुंडाळायचं, वेढ्याला वेढा असा चिकटवायचा की आतला कागद कुठे दिसता कामा नये. एक वेढा जरी सुटला तरी आई बटण उसवून परत हातात द्यायची. "मालकाला दिसणार नाही, पण कागदाला वारा लागतो," असं काहीतरी म्हणायची. यामनाच्या हातची बटणं फेस शहरातले शिंपी नाव घेऊन मागत. बुशता सेफ्रू ते फेस भाड्याची मोटार चालवायचा. मोटार महिना महिना बंद पडायची तेव्हा घर बटणांवर चालायचं. हे लल्ला कधी बोलून दाखवत नसे, पण नाकारतही नसे.

मग सुकैनाच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी यामनाच्या एका डोळ्याला काहीतरी झालं. डोळा हलवला की दुखायचा, आणि लाल रीळ चहाच्या रंगाचं दिसायला लागलं. लल्लाने नजर काढली, तुरटी जाळली, तुरटीत शेजारणीचं तोंड उमटलं असं सांगितलं. महिन्याभरात डोळा सुधारला. तुरटीचा मान वाढला. वर्षभराने दुसरंच सुरू झालं. बटण करायला मान खाली घातली की मानेपासून कमरेपर्यंत सर्रकन वीज जायची. दुखायचं नाही. कुणीतरी पाठीच्या कण्यावरून जिवंत तार ओढल्यासारखं वाटायचं. मान खाली घालणं हाच जिचा धंदा, तिने करायचं काय? तिने मांडीवर उशी घेतली. मग दोन. मग तीन. काम डोळ्यांसमोर उंच आलं की मान वाकवावी लागत नसे. येणारे जाणारे हसायचे, बटणं करतेस की सिंहासनावर बसतेस?

मग पाय. आणि मग बुशताने तिला फेसच्या इस्पितळात नेलं. डोक्याला मलम लावून तारा चिकटवल्या, समोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा पडदा लुकलुकत ठेवला. नंतर परिचारिका बाहेर येऊन म्हणाली, "नवऱ्याला आत पाठवा." यामना बाकावर बसून राहिली. बराच वेळ. बुशता बाहेर आला आणि म्हणाला, "नसांचा अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात." बस्स, एवढंच.

परतताना त्याने मोटारीची पुढची जागा तिला एकटीला दिली. त्या मोटारींत पुढे दोघं कोंबतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एक माणूस गाडीच्या काचेवर टकटक करत होता, तरी बुशताने त्याला घेतलं नाही. यामनाने खिडकी उघडून सगळा रस्ता गार वारा खाल्ला. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्यासाठी जागा अडवली, हे तिने मनात जपून ठेवलं होतं. वाईट दिवस आला की ते काढून बघायची.

'अशक्तपणा' हा शब्द लल्लाला बरोबर सापडला. अशक्ताला ऊब लागते. तेव्हापासून हमाम आठवड्यातून एकदाचा दोनदा झाला.

"ऐक," लल्ला आता गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी अन्याय करते असं नको म्हणायला. आज सोमवार आहे, हमाम रिकामा असेल. चल माझ्याबरोबर. आतल्या खोलीत माझ्यासमोर बसून दाखव. नाही पडलीस तर दर्ग्याचं नाव काढणार नाही. पडलीस, तर उद्याच निघायचं. कबूल?"

"कबूल." यामनाने उशा बाजूला ढकलल्या. "सुकैना, बादली आण."

"यम्मा, नको ना!"

"आण म्हणते ना. होऊन जाऊ दे एकदाचं."

ती भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. आणि तेव्हा दाराशी बसलेला बुशता, ग्लास हातात तसाच, उठून म्हणाला, "नको! गरम नको तिला. डॉक्टर म्हणाला होता की—"

आणि थांबला.



"कोण डॉक्टर?" यामनाने विचारलं.

"तो... फेसचा."

"कधी म्हणाला?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे? मी बाकावर बसले होते तेव्हा?"

बुशताने ग्लास खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला, त्याने उचलून परत सरळ केला, परत पुसला.

"तेव्हा," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"हेच की जरा ऊन, गरम पाणी वगैरे सांभाळा..."

"वगैरे नको. शब्दन् शब्द सांग. बस खाली. सुकैना, बाबाला पाणी दे. आणि सगळं सांगून होईस्तोवर हा दारातून हलणार नाही."

असा आवाज तिने त्या घरात कधी काढला नव्हता. लल्लासुद्धा बसली.

बुशता जमिनीकडे बघत बोलायला लागला. आधी अडखळला, मग हळूहळू सुटला, आणि सुटला तेव्हा यामनाला आणखीच तिडीक आली, कारण त्याला सगळं लख्ख आठवत होतं. डॉक्टर पोरसवदा होता, बोलायची हौस असलेला. बुशता आपल्या मोटारीच्या वायरी स्वतःच जोडतो हे कळल्यावर तर त्याला चेवच आला होता.

"मी विचारलं, वायरीसारखं का? तर म्हणाला, नाही. तारेतून वीज सरळ वाहते. नसेत ती वाटेवर जागोजागी नव्याने पेटते. नसेच्या अंगाला बारीक बारीक दारं असतात. बाहेर मीठ जास्त, आत कमी. दार उघडलं की मीठ आत घुसतं, त्या धक्क्याने शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं..."

"मीठ?" लल्ला दचकून म्हणाली.

"मीठच म्हणाला, आई. म्हणाला, तुमच्याकडे वरात निघाली की एका गच्चीवरची बाई युयु करते. ती ऐकून पुढच्या गच्चीवरची करते. पहिलीचा आवाज काही गावाच्या टोकाला जात नाही, पण युयु जाते. आणि जाते तीसुद्धा तेवढीच जोरात, कारण प्रत्येक बाई आपल्या गळ्यातून नवी काढते. मेंदूचा हुकूम पायाला असाच पोचतो, म्हणाला."

लग्नातली ती जिभेची लांब किलकारी सुकैनासाठी काढायची म्हणून यामना गेला महिनाभर गच्चीवर कपडे वाळत घालताना हळूच सराव करत होती. हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

"पुढे."

"पुढे... नसेवर वेष्टन असतं. चरबीचं, पातळ, वेढ्यावर वेढे. मधेमधे तेवढी उघडी फट. मग काय होतं, प्रत्येक गच्चीनं ओरडायला नको. युयु एका फटीवरून थेट दुसऱ्या फटीवर उडी घेते. म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचते. तुझ्या नसांचं ते वेष्टन जागोजागी कुरतडलंय. बाहेरचं कुणी नाही, शरीर स्वतःच कुरतडतं. का, ते त्यांनाही नीट माहीत नाही म्हणाला."

यामनाने मांडीवरचं बटण उचललं. वेढ्यावर वेढे. आणि एक सुटला तर आतला कागद दिसतो. हे तिला कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी कळलं असतं. चार वेळा समजावावं लागावं अशी बाई ती नव्हती.

"आणि गरम?"

"गरमीत ती दारं फार लवकर मिटतात. बाईनं तोंड उघडलं न उघडलं तोच मिटलं. धडधाकट नसेला काही फरक पडत नाही, तिच्याकडे आवाज भरपूर असतो. पण जिथे वेष्टन गेलंय तिथे आधीच जेमतेम ऐकू जातंय. तिथे तेवढ्यानं तुटतं. पुढच्या गच्चीवरची ऐकतच नाही. थंड झालं की परत ऐकू जातं. म्हणून पाय परत येतात. हमाम नको, म्हणाला. उन्हाळ्यात मानेवर ओला फडका ठेवायला सांगा, म्हणाला."

"सांगा म्हणाला."

"हो."

"कुणाला?"

बुशता परत ग्लास पुसायला लागला.

"मला सांगायला सांगितलं होतं ना त्यानं? मग का नाही सांगितलंस?"

"आईला कसं सांगणार होतो? आठवड्यातून दोनदा हौसेनं तुला घेऊन जायची ती. तूच तिला पाडतेस, असं सांगू? आणि बायकोला हमाम चालत नाही म्हटलं की लोक काय काय विचारतात... कसला रोग, लागतो का..." तो घाईने पुढे म्हणाला, "आणि डॉक्टरच म्हणाला, गरमीनं नसेचं नुकसान होत नाही. परत पूर्वीसारखं होतं. मला वाटलं, मग चालेल. पडतेस, पण उठतेस ना."

पडतेस, पण उठतेस ना.

यामना बोलली तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"मी उशीखाली मीठ घेऊन झोपते, माहीत आहे तुला? दोन वर्षं. शेजारच्या सुनेचं बाळ मी हातात घेतलं नाही. माझ्यातलं त्याच्यात जाईल म्हणून. ती समजली मी जळते. मशिदीतल्या फकीहने कागदावर लिहिलेल्या कुराणाच्या आयता पाण्यात धुऊन ते पाणी मी प्यायले, तुझ्या आईनं दिलं म्हणून नाही, मला पटलं होतं म्हणून! मला स्वतःला वाटायला लागलं होतं, बुशता, की माझ्या आत कुणीतरी बसलंय. आणि तू रात्री बाजूला घोरत होतास. डोक्यात ते सगळं घेऊन, दारं काय, मीठ काय, गच्च्या काय!"

"यामना..."

"आणि मोटारीची पुढची जागा दिलीस मला. मी ती दोन वर्षं उराशी धरून बसले. लाच होती ती."

बुशताने मान खाली घातली. त्याला मान खाली घालता येत होती, पाठीत काही होत नव्हतं, याचाही तिला राग आला.

लल्ला इतका वेळ ऐकत होती. ती हार मानेल असं यामनाला क्षणभर वाटलं, आणि ती चूक होती.

"शब्द आहेत हे," लल्ला म्हणाली. "शिकलेला पोरगा. तोंडाला येईल ते बोलला, आणि ह्याला वायरीचं नाव काढलं की काहीही पटतं. गच्चीवरच्या बायका म्हणे! मी तिला डोळ्यांनी बघितलंय मोरीपाशी."

"ठीक आहे," यामना म्हणाली. "मग डोळ्यांनीच बघा. हमामला जायला नको. मोरीही नको. सुकैना, सोललेलं शिजत टाक आणि दुसऱ्या चुलीवर मोठं पातेलं ठेव. टब इथे आण, अंगणाच्या मधे. मोरीपासून लांब."

"यम्मा, काय करतेस?"

"बटणं करते."

तिने आधी एक बटण केलं. सगळे बघत होते. सुरळी, वेढे, टाके, डोकं. तासलेल्या दाण्यासारखं बटण तिने लल्लाच्या तळहातावर ठेवलं. मग कढत पाण्याच्या टबात गुडघ्यापर्यंत पाय बुडवून बसली, अंगावर दोन लोकरी घोंगड्या ओढल्या आणि कोळशाची शेगडी जवळ आणायला लावली. मे महिना होता, सकाळचं ऊन भिंतीवरून उतरलं होतं. सुकैना पाणी बदलत राहिली आणि रडत राहिली. बुशता मधे आला तर यामनाने नुसतं बोट दाखवून त्याला परत दाराशी बसवलं.

घाम सुटला. मग तो घाम डोळ्यांत जायला लागला. मग भिंतीवरची वेल अंधुक झाली. यामनाने सुई मागितली. सुकैनाने ती बोटांत दिली तेव्हा बोटांना सुई लागलीच नाही. होती की नव्हती ते बघून कळत होतं, तेही धड नाही. धाग्याचा पहिला वेढा बसला, दुसरा सुटला, तिसरा बाजूला घसरला. सुई टबात पडली. ती उचलायची म्हणून यामनाने हात खाली नेला आणि हात मध्येच लोंबत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"बास!" बुशता ओरडला. "बास कर! आई, बघितलंस ना? बास!"

"अजून... नाही," यामना म्हणाली. जीभ जाड झाली होती. "आता... गार."

सुकैनाने घोंगड्या फेकून दिल्या, टब कलंडला तो कलंडू दिला, माठातलं पाणी आईच्या मानेवर, दंडांवर, पायांवर ओतलं, ओला फडका मानेवर गुंडाळला. मग कुणी काही करण्यासारखं उरलं नाही. सगळे बसून राहिले. चुलीवर शेंगांची आमटी उतू गेली तरी कुणी उठलं नाही. ओल्या फरशीवर ऊन आलं. हळूहळू भिंतीवरची वेल पुन्हा वेल झाली, पानं पानांपासून सुटी झाली. यामनाने बोटं मिटली, उघडली. अंगठा प्रत्येक बोटाला लावून बघितला. मग हात पुढे केला, सुकैनाने नवी सुई ओवून दिली, आणि तिने दुसरं बटण केलं. पहिल्याइतकं सुबक नव्हतं. पण बटण होतं, कुठे कागद दिसत नव्हता.

ते तिने लल्लाच्या हातावर पहिल्याच्या शेजारी ठेवलं.

लल्लाने दोन्ही बटणं जवळ घेऊन पाहिली, फिरवली, नखाने वेढे तपासले. तिलाही बटणं कळत होती. वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"थंड पाण्याला जिन घाबरतात," ती म्हणाली. "माझी आजीसुद्धा सांगायची."

सुकैनाच्या तोंडून हुंदका की हसू, काय बाहेर पडलं ते तिलाच कळलं नाही. बुशताने "आई!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला. आणि यामनाचा राग वर येता येता एकदम थांबला. ओसरला नाही. घट्ट झाला. तिला कळलं की या बाईला पटवायचं काम आपण इतकी वर्षं फुकट करत आलो, आणि आज टबात बसूनही तेच केलं. पटण्याची वाट बघत बसलो तर लग्नही होऊन जाईल, नातवंडंही होतील, आणि आपण दर्ग्याच्या पायरीवर बसलेलो असू.

तिने मानेवरचा फडका काढला, पिळला, परत गुंडाळला. उशा ओढून घेतल्या, मांडीवर रचल्या, तिसरं बटण हातात घेतलं.

"दर्ग्यावर कुणी जाणार नाही," ती म्हणाली. "गुरुवारी नवरीच्या हमामला मी येणार. बाहेरच्या खोलीत बसणार, गार फरशीवर. नवरीचा हात मी तिथपर्यंत धरीन. आत तिला लल्ला नेतील. नसेल न्यायची तर तसं आत्ता सांगा, मी घालियाला सांगते. आणि बुशता, जेवून झालं की तू विहिणीकडे जायचं. तिथे बसून हे सगळं सांगायचं, दारं, मीठ, गच्च्या, सगळं. तू किती दिवस लपवलंस, तेसुद्धा. मी बरोबर येते. एक शब्द गाळलास तर तिथेच सांगेन. जाताना मोटारीत मागे बसणार आहे."

मग तिने सुईत धागा ओवला. "सुकैना, आमटी करपली बघ. पाणी घाल तिच्यात."